संगीताच्या इतिहासाचा शोध: कामाचा क्रम आणि तो चुकतो कुठे

एखाद्या गायनप्रकाराचा, वाद्याचा किंवा एकाच गाण्याचा इतिहास शोधायला निघालेले बहुतेक जण शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतात. वहीच्या पहिल्याच पानावर ‘हे संगीत म्हणजे अमुक समाजाची ओळख’ असं वाक्य लिहिलं जातं आणि पुढचे सगळे महिने त्या वाक्याला आधार गोळा करण्यात जातात. मग जुळेल तेवढंच दिसतं. जे जुळत नाही ते ‘अपवाद’ म्हणून बाजूला पडतं, आणि पुष्कळदा नेमकं तेच सर्वांत मोलाचं असतं.

खालचा क्रम याच्या उलट आहे. आधी प्रश्न, मग तारखा, मग ध्वनिमुद्रणं, मग माणसं. ओळखीचा विचार त्यानंतर. काम प्रबंधासाठी असो, मासिकातल्या लेखासाठी असो की निव्वळ कुतूहलापोटी, हा क्रम बदलायचं कारण नाही. ध्वनिमुद्रणं आणि मुलाखती या दोन ठिकाणी सर्वाधिक चुका होतात, म्हणून त्यांना जास्त जागा दिली आहे.

## पायरी १: प्रश्न इतका लहान करा की उत्तर चुकीचं ठरू शकेल

‘जॅझ आणि अस्मिता’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. त्यावर काहीही लिहिलं तरी ते खोटं ठरत नाही. प्रश्नात चार गोष्टी हव्यात: कोणतं संगीत, कुठलं, कोणत्या काळातलं, आणि त्यात काय बदललं. उदाहरणार्थ, ‘हिंदुस्थानी कंठसंगीताच्या साथीला सारंगीऐवजी हार्मोनियम कधी येऊ लागली, आणि आधी कोणत्या प्रकारच्या मैफलींत?’ हा कामाचा प्रश्न आहे. याला जाहिराती, छायाचित्रं, ध्वनिमुद्रिका, आठवणी असे वेगवेगळे पुरावे लावता येतात आणि ते एकमेकांशी भांडूही शकतात.

शोधाचं एककही आताच ठरवा. एक गाणं, एक वाद्य, एक कलावंत, एक रेडिओ केंद्र, एक नाट्यगृह यांपैकी काहीतरी एक. नवख्यांनी एक गाणं किंवा एक वाद्य घ्यावं. अख्खा संगीतप्रकार हाती घेतला की पहिल्या महिन्यातच नोंदींचा ढीग होतो आणि पुढे कुठे जायचं ते कळेनासं होतं.

तपासा: प्रश्नातून ‘प्राचीन’, ‘अस्सल’, ‘मूळ’ आणि ‘पारंपरिक’ हे शब्द खोडून पाहा. खोडल्यावर काहीच उरत नसेल तर तुमच्या हातात अजून प्रश्न आलेला नाही.

## पायरी २: पहिली नोंद करण्याआधी नोंदवही आखा

हे काम कंटाळवाणं वाटतं म्हणून सगळे टाळतात आणि सहा महिन्यांनी ‘हे कुठे वाचलं होतं?’ म्हणून डोकं धरून बसतात. एका पुराव्याला एक ओळ. रकाने असे: घटनेची तारीख, नोंद कधी झाली ती तारीख, नोंद कुणी केली, कुणासाठी केली, तुम्हाला ती कुठे मिळाली, शब्दशः मजकूर, आणि अगदी वेगळ्या रकान्यात तुमचा अर्थ.

शेवटचे दोन रकाने कधीही एकत्र करू नका. ‘गायिकेने खर्जात सुरुवात केली’ हा मजकूर आहे; ‘गंभीर वातावरण निर्माण केलं’ हा तुमचा अर्थ. दोन्ही एकाच रकान्यात गेले की वर्षभराने तुम्हीच तुमचा अर्थ पुरावा म्हणून उद्धृत करता.

तारखेपुढे एक खूण ठेवा: छापील तारीख, उल्लेखावरून काढलेली तारीख, आणि आठवणीतली तारीख. नंतर लेख लिहिताना ही एक खूण तुमचा सगळ्यात जास्त वेळ वाचवते.

नावांची यादीही आत्ताच सुरू करा. एकाच कलावंताचं नाव लेबलवर एका पद्धतीने, कंपनीच्या सूचीत दुसऱ्या आणि वर्तमानपत्रात तिसऱ्या पद्धतीने छापलेलं असतं. लिप्या बदलल्या की गोंधळ आणखी वाढतो. सापडेल ते प्रत्येक रूप लिहून ठेवा आणि प्रत्येक रूपाने पुन्हा शोध घ्या. संगीतप्रकारांच्या नावांनाही हेच लागू होतं: १९१७ च्या ध्वनिमुद्रिकांवर ‘जॅझ’ऐवजी ‘जॅस’ छापलेलं दिसतं. आजच्या नावाने शोधलं तर त्या काळच्या नोंदी हाती लागत नाहीत.

## पायरी ३: फक्त तारखांची कालरेषा बनवा

या पायरीवर मतं नकोत, गोष्टी नकोत, फक्त तारीख लागलेले पुरावे. आणि एक नियम कागदावर लिहून समोर चिकटवा: सर्वांत जुना पुरावा म्हणजे सुरुवात नव्हे.

जॅझची पहिली प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रिका १९१७ ची आहे आणि ती न्यू ऑर्लिन्सच्या श्वेतवर्णीय वादकांच्या संचाची आहे. केवळ ध्वनिमुद्रिकांवर कालरेषा उभी केली तर हे संगीत श्वेतवर्णीयांनी घडवलं असा निष्कर्ष निघेल. ज्या कृष्णवर्णीय वादकांनी ते घडवलं त्यांच्यापर्यंत ध्वनिमुद्रणाचं यंत्र उशिरा पोचलं, एवढाच त्या तारखेचा अर्थ. म्हणून कालरेषेवर प्रत्येक पुराव्याशेजारी लिहा: ही नोंद व्हायला काय असावं लागलं? पैसा, यंत्र, छापखाना, की सरकारी कारकून?

पुरावे कुठे शोधायचे ते अनेकांना ठाऊक असतं. क्रम मात्र चुकतो. लोक आधी चरित्रं आणि आत्मचरित्रं वाचतात. ती नंतर वाचा. आधी जे कागद इतिहास सांगण्यासाठी तयार झालेलेच नव्हते ते वाचा: कार्यक्रमांच्या जाहिराती, रेकॉर्ड कंपन्यांच्या सूची, वाद्यविक्रेत्यांच्या दरपत्रिका, परवाने, खटले, मनाई हुकूम. कायद्यांकडे विशेष लक्ष द्या. ज्यावर बंदी घातली जाते ते त्या वेळी जोरात चालू असतं. त्रिनिदादमध्ये ब्रिटिश अमलात १८८० च्या दशकात ढोलांवर निर्बंध आले. मग तिथल्या लोकांनी बांबूच्या नळ्या जमिनीवर आपटून ताल धरला. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून डबे आणि मग तेलाची पिंपं ठोकून स्वर देणारं स्टीलपॅन तयार झालं. या साखळीचा पहिला दुवा कायद्याच्या कागदांत आहे.

अर्थात असे कागद लिहिणाऱ्याला संगीत म्हणजे गोंगाट वाटत असे. त्यामुळे त्यातून ‘कधी’ आणि ‘कुठे’ घ्या. ‘कसं होतं’ हे त्यावरून ठरवू नका.

जुनी हस्तलिखितं आणि छापील स्वरलिपी शोधत असाल तर १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘रिस्म’ या आंतरराष्ट्रीय सूचीपासून सुरुवात करा. ती ऑनलाइन विनामूल्य पाहता येते. तिचा भर पाश्चात्त्य लिखित संगीतावर आहे, त्यामुळे मौखिक परंपरांसाठी तिचा उपयोग मर्यादित राहतो.

सावध: दहा संकेतस्थळांवर एकच माहिती दिसली म्हणजे दहा पुरावे झाले असं नाही. बहुधा नऊ जणांनी दहाव्याची नक्कल केलेली असते. गौहर जान हिचं नाव भारतातली पहिली ध्वनिमुद्रित कलावंत म्हणून सर्रास घेतलं जातं. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायसबर्ग याने तिचं ध्वनिमुद्रण केलं हे खरं आहे. पण त्याच दौऱ्यात, तिच्या काही दिवस आधी, रंगभूमीवरच्या शशीमुखी आणि फणीबाला या दोन तरुण गायिकांचा आवाज त्याने मुद्रित केला होता. ‘पहिला’, ‘पहिली’ हे शब्द दिसले की मूळ सूचीपर्यंत गेल्याशिवाय ते लिहू नका.

## पायरी ४: ध्वनिमुद्रिका आधी वाचा, मग ऐका

इथे सर्वांत जास्त चुका होतात. माणूस जुनं गाणं लावतो, भारावतो आणि ‘त्या काळी असं गात असत’ म्हणून मोकळा होतो. त्या काळी तीन मिनिटांसाठी, भोंग्यापुढे उभं राहून, कंपनीच्या माणसाने निवडलेलं गाणं तसं गायलं गेलं, इतकंच ती ध्वनिमुद्रिका सांगते. म्हणून सुई टेकवण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट, क्रमांक. लेबलवर छापलेला सूची क्रमांक हा विक्रीसाठी असतो आणि पुनर्मुद्रणात तो बदलू शकतो. लेबलभोवतीच्या मोकळ्या पट्टीत कोरलेला किंवा उठवलेला मॅट्रिक्स क्रमांक हा त्या ध्वनिमुद्रणाचा असतो. तारीख काढायची ती मॅट्रिक्स क्रमांकावरून. लेबलच्या रंगावरून किंवा विक्रीच्या वर्षावरून काढलेली तारीख बरीच वर्षं पुढे सरकलेली असू शकते.

दुसरी, तंत्र. १९२५ मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण सुरू झालं. त्याआधी तबकड्यांच्या मुद्रणात मायक्रोफोन नव्हता. आवाज भोंग्यात जाई आणि त्याच्या जोरावर सुई मेणात रेघ कोरी. त्यात मोठा, टोकदार आवाज टिके. खालचे स्वर आणि जोरदार तालवाद्यं नीट उतरत नसत, म्हणून ती दूर बसवत किंवा वगळत. व्हायोलिनचा आवाज पोचावा म्हणून त्याला धातूचा भोंगा लावलेलं वेगळं वाद्यही वापरलं जाई. १९१० च्या तबकडीत तालवाद्य ऐकू येत नाही म्हणून ‘तेव्हा ते वाजवत नसत’ असं लिहिणं ही या क्षेत्रातली जुनी आणि आजही होणारी चूक आहे.

तिसरी, लांबी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं, बारा इंचीला चार-साडेचार. तेव्हा कडवी कमी असणं, विस्तार नसणं, लय चढी असणं यांची पहिली शंका तबकडीवर घ्या, परंपरेवर नंतर.

चौथी, वेग. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण नंतर स्थिरावलं. सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग कमी-जास्त असे. वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला की पट्टी अर्ध्या स्वराने चढते. गायकाची पट्टी, त्याचा आवाज, लय यांबद्दल एक अक्षरही लिहिण्याआधी वेग पडताळा. साथीला ठरलेल्या स्वराचं वाद्य असेल तर त्यावरून अंदाज येतो. त्याच कलावंताच्या दुसऱ्या तबकडीशीही ताडून पाहता येतं.

पाचवी, निवड. कुणाला बोलावलं आणि कुणाला नाही? १९२० च्या दशकात अमेरिकी कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘रेस रेकॉर्ड्स’ आणि दक्षिणेतल्या श्वेतवर्णीय ग्रामीण ग्राहकांसाठी ‘हिलबिली’ अशा वेगळ्या सूची काढल्या. प्रत्यक्षात दोन्ही समाजांतले वादक बऱ्याच एकसारख्या चाली वाजवत होते. पण कृष्णवर्णीय वादकांकडून ब्लूज मागितलं गेलं. त्यांच्यातल्या फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजवणाऱ्यांची ध्वनिमुद्रणं तुलनेने फारच थोडी झाली. शंभर वर्षांनी त्या सूची वाचणाऱ्याला दोन समाजांची दोन निराळी संगीतं दिसतात. ती रेघ ओढली होती कंपनीच्या विक्री खात्याने. अस्मितेवर लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण मनात पक्कं ठेवावं, असं मला वाटतं.

कुठे शोधायचं? ‘डिस्कोग्राफी ऑफ अमेरिकन हिस्टॉरिकल रेकॉर्डिंग्ज’मध्ये मॅट्रिक्स क्रमांकांसह नोंदी मिळतात. जुन्या संशोधनाच्या ध्वनिमुद्रणांसाठी व्हिएन्नाचं १८९९ मध्ये आणि बर्लिनचं १९०० मध्ये सुरू झालेलं अभिलेखागार पाहावं. भारतीय संगीतासाठी गुरुग्रामचं ‘आर्काइव्हज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ हे महत्त्वाचं ठिकाण आहे. इंटरनेट आर्काइव्हवरही पुष्कळ साठा आहे, पण तिथली माहिती चढवणाऱ्याने लिहिलेली असते.

तपासा: डिजिटल प्रत वापरत असाल तर ती कोणत्या तबकडीवरून, कोणत्या वेगाने काढली, खरखर काढण्यासाठी किती ‘सफाई’ केली, हे कळलं का? सफाईत खरखरीबरोबर श्वास, घसीट आणि तंतुवाद्याचा झंकारही जातो. शक्य तिथे मूळ, न साफ केलेली प्रत मागा.

## पायरी ५: तीनदा ऐका, तिसऱ्यांदा लिहा

पहिल्यांदा सलग ऐका, काही लिहू नका. दुसऱ्यांदा फक्त रचना लिहा: कुठे काय सुरू होतं, काय पुन्हा येतं, साथ कुठे थांबते, प्रत्येकापुढे मिनिट आणि सेकंद. तिसऱ्यांदा स्वरलेखन.

स्वरलेखन करताना आधी ठरवा की ते कशासाठी आहे. दुसऱ्याने गावं म्हणून लिहिलेली स्वरलिपी ढोबळ चालते. काय गायलं गेलं हे नोंदवण्यासाठी लिहिलेली स्वरलिपी बारीक हवी, आणि तीतही स्वरांमधल्या जागा, आंदोलनं, सैल लय पकडण्यासाठी स्वतःच्या खुणा ठरवाव्या लागतात. कोणतीही स्वरलिपी, पाश्चात्त्य असो वा भातखंडे पद्धतीची, तिला जे लिहिता येतं तेच ठळक करते. म्हणून खाली एक ओळ लिहा: या लिपीत काय सुटलं.

मदतीला ‘सॉनिक व्हिज्युअलायझर’ आणि ‘प्रात’ ही विनामूल्य साधनं चांगली आहेत. स्वराची वक्ररेषा डोळ्यांनी पाहता येते. ती रेषा अंतिम मानू नका. साथीचा स्वर मध्ये आला की ही साधनं सप्तक चुकवतात. कान आणि रेषा यांत फरक पडला तर दोन्ही नोंदवा.

हंगेरीचा संगीतकार बेला बार्टोक याने १९०६ पासून गावोगाव फिरून मेणाच्या नळकांड्यांवर लोकगीतं मुद्रित केली आणि १९३४ नंतर तीच ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकून आपलं जुनं स्वरलेखन सुधारत राहिला. इतक्या तयार कानालाही दुसरी फेरी लागली. आपण पहिल्या मसुद्यावर थांबू नये.

## पायरी ६: माणसांकडे जा, पण तयारी करून

मुलाखत आधी घेतली तर समोरचा जे सांगेल ते सगळंच नवं वाटतं आणि कुठे थांबवून विचारायचं ते कळत नाही. कालरेषा आणि ध्वनिमुद्रणं हाताखालून गेली की प्रश्न आपोआप नेमके होतात.

संमती तीन भागांत घ्या: मुद्रित करायला, जतन करायला, प्रसिद्ध करायला. अनेकांना पहिली दोन चालतात, तिसरी नको असते. काही गाणी ठरावीक वेळीच किंवा ठरावीक माणसांपुढेच गायची असतात. तसं असेल तर ते मुद्रित करण्याआधी विचारा, नंतर नव्हे. लिहिता न येणाऱ्याची संमती त्याच्याच आवाजात घ्या.

यंत्र ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, ‘वेव्ह’ फाइल या मांडणीत ठेवा. एमपी३ मध्ये थेट मुद्रण करू नका. गेलेला तपशील परत येत नाही. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख, ठिकाण, उपस्थितांची नावं बोला. गौहर जानच्या तबकड्यांच्या शेवटी ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगताना ऐकू येते. मुद्रण तबकड्या दाबून बनवण्यासाठी जर्मनीतल्या हॅनोव्हरला जाई आणि तिथल्या तंत्रज्ञांना कोण गातंय ते कळावं म्हणून ती सोय होती. फाइलींची नावं बदलतात, कागद हरवतात, ध्वनीच्या आत बोललेली माहिती मात्र सोबत राहते.

आता प्रश्न. ‘हे संगीत तुमच्यासाठी काय आहे?’ असं विचारलं की पाठ झालेलं उत्तर मिळतं. कृतीबद्दल विचारा. कुणाकडून शिकलात? ते शिकवताना कोण कुठे बसत असे? चुकलं तर काय करत? हे गाणं कधी गायचं नाही? घरातलं कोण गात नाही, आणि का? कोणती कडवी आता सोडता? कुणी पैसे देत असे? अशा प्रश्नांतून ओळख, दर्जा, जात, लिंगभेद हे सारं आपोआप बाहेर येतं, त्या शब्दांचा उच्चारही न करता.

आधी गाऊ द्या, मग बोला. बोलणं आधी झालं की गाणं त्या बोलण्याचं उदाहरण बनतं. आणि पायरी ४ मधलं एखादं जुनं मुद्रण त्यांना ऐकवा. ‘ही चूक आहे’, ‘आमच्याकडे असं नाही’, ‘हा तर अमक्याचा आवाज’ ही पहिल्या अर्ध्या मिनिटातली प्रतिक्रिया तासाभराच्या प्रश्नांपेक्षा जास्त देते.

तारखा थेट विचारू नका. ‘रेडिओ घरात आला त्याच्या आधी की नंतर?’, ‘लग्नाआधी की नंतर?’ असं विचारून तारीख असलेल्या घटनेला बांधा. गुरुपरंपरा सांगताना मधल्या पिढ्या गळतात आणि एका प्रसिद्ध नावाशी थेट नातं जोडलं जातं. यात खोटेपणा नसतो, स्मृतीची ती रीतच आहे. मिळालेली परंपरा तशीच नोंदवा आणि वयं जुळतात का ते वेगळ्या रकान्यात पडताळा.

कोण बोलत नाही तेही पाहा. साथीदार, वाद्य बनवणारे, घरात गाणाऱ्या बायका यांची नावं मुलाखतीत येत नाहीत. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात लाखाहून अधिक ओव्या जमल्या, आणि त्या गाणाऱ्या बायकांच्या आणि गावांच्या नावांसह नोंदल्या गेल्या. ‘लोकगीत, कवी अज्ञात’ असं लिहून मोकळं होण्याची सवय मोडायची तर हा नमुना समोर ठेवावा.

सावध: मुलाखतीतलं सत्तेचं नातं नोंदवा. १९३३ मध्ये लोकगीतांचे संग्राहक जॉन लोमॅक्स यांनी अमेरिकेत लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात लेडबेली या कृष्णवर्णीय गायकाचा आवाज मुद्रित केला. कैदी, समोर तुरुंगाच्या परवानगीने आलेला श्वेतवर्णीय पाहुणा. तिथे काय गायचं आणि काय नाही, हे गाणारा ती स्थिती पाहूनच ठरवतो. तुम्ही कुणामार्फत गेलात, कुणासमोर मुद्रण झालं, मानधन दिलं का, हे तुमच्या नोंदीत असलंच पाहिजे.

## पायरी ७: शेजाऱ्यांशी ताडून पाहा

एकाच समाजाचं संगीत अभ्यासलं की त्यातलं सगळंच ‘आपलं’ वाटतं. बार्टोकने हंगेरियन गीतांबरोबर रुमानियन आणि स्लोव्हाक गीतंही जमवली, १९३६ मध्ये तुर्कस्तानातही जाऊन आला, म्हणूनच कुठली चाल कुणाकडून कुणाकडे गेली याबद्दल त्याला काही बोलता आलं. शहरी कॅफेंत रोमा (जिप्सी) वादक वाजवत ते ‘हंगेरियन’ संगीत बहुतांशी अलीकडच्या रचनांचं होतं आणि गावांत पाचस्वरी चालींचा जुना थर वेगळाच होता, हेही त्यातून पुढे आलं. याबद्दल हंगेरियन आणि रुमानियन अशा दोन्ही बाजूंच्या राष्ट्रवाद्यांनी त्याला दूषणं दिली.

ताडताना शब्द, चाल, ताल आणि प्रसंग हे चार वेगळे रकाने करा. ते एकत्र प्रवास करत नाहीत. रॉबर्ट बर्न्सच्या ‘ऑल्ड लँग साइन’ या स्कॉटिश गीताची आज गायली जाणारी चाल त्याच्या मनातली नव्हतीच. ती नंतर जोडली गेली. त्याच चालीवर रवींद्रनाथ ठाकुरांनी बंगाली गीत लिहिलं, कोरियाच्या राष्ट्रगीताचे शब्द एकेकाळी तिच्यावर गायले जात, आणि मालदीवचं राष्ट्रगीत १९७२ पर्यंत त्याच चालीत होतं. चार ठिकाणी चार भावना, स्वर तेच. चालीवरून माणसांची ओळख ठरवणाऱ्याने आधी या रकान्यांत उत्तर शोधावं.

## पायरी ८: आता ओळखीचा प्रश्न विचारा

इथवर आल्यावर प्रश्न बदललेला असतो. ‘हे संगीत या समाजाची ओळख आहे का?’ याऐवजी विचारा: असं कोण म्हणतं, केव्हापासून म्हणतं, कुणाला उद्देशून म्हणतं, आणि त्यात कुणाला बाहेर ठेवतं? ओळखीचा प्रत्येक दावा हाही एक तारीख असलेला पुरावा आहे. तो कालरेषेवर लिहा.

हार्मोनियम घ्या. पॅरिसमध्ये १८४२ मध्ये पेटंट झालेलं हे वाद्य हाताच्या भात्यासह भारतात रुजलं. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. तिचे ठरीव स्वर आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) काढण्याची असमर्थता हे आक्षेप होतेच, शिवाय परकेपणाचाही मुद्दा होता. ती बंदी १९७१ मध्ये सैल झाली. त्याच तीन दशकांत भजन, कव्वाली, नाटक, मैफल सगळीकडे पेटी वाजत होती. ती भारतीय की परकी, याचं उत्तर वाद्याच्या अंगात सापडत नाही. १९४० मध्ये कोण बोलत होतं आणि कुणाचं ऐकलं गेलं, यात ते सापडतं.

गाण्याची ओळख काळानुसारही पालटते. ‘आमार शोनार बांग्ला’ हे १९०५ च्या फाळणीविरोधी चळवळीतलं गीत; चाल गगन हरकरा या टपाल वाटणाऱ्या बाउलाच्या (बंगालमधल्या भक्तिगायकाच्या) गाण्यावर बेतलेली. एकत्र बंगालसाठी लिहिलेलं हे गीत १९७१ नंतर बांगलादेश या स्वतंत्र राष्ट्राचं राष्ट्रगीत झालं. ‘या गीताचा अर्थ’ असं एकवचनी लिहिलं की हा सगळा प्रवास पुसला जातो. वर्ष लिहा, मग अर्थ लिहा.

युनेस्कोच्या यादीतल्या नोंदी वापरताना जपून. टँगोची नोंद २००९ मध्ये अर्जेंटिना आणि उरुग्वे यांनी मिळून करवून घेतली. ती २००९ मध्ये दोन सरकारांना काय म्हणायचं होतं याचा उत्तम पुरावा आहे. टँगो घडत होता त्या काळातल्या वस्त्यांबद्दल ती साक्ष देऊ शकत नाही.

तपासा: त्याच समाजातल्या, हे संगीत न आवडणाऱ्या किंवा ज्यांना ते गायची मुभा नव्हती अशा माणसांचा एक तरी पुरावा तुमच्याकडे आहे का? नसेल तर पायरी ६ कडे परत जा.

## पायरी ९: श्रेय, जतन, लेखन

लेखनात पुराव्याची प्रत वाक्यातच दिसू द्या: ‘१९११ च्या जाहिरातीत आहे’, ‘तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं’, ‘एकाच्या आठवणीत आहे’. सगळ्यांना एकाच ठाम सुरात लिहिलं की पायरी २ मधल्या खुणांची मेहनत वाया जाते.

श्रेयात कंजुषी नको. दक्षिण आफ्रिकेतले गायक सॉलोमन लिंडा यांनी १९३९ मध्ये ‘म्बुबे’ हे गाणं मुद्रित केलं, हक्कांपोटी त्यांना दहा शिलिंग मिळाले, १९६२ मध्ये ते गरिबीत वारले. तीच चाल इंग्रजी शब्दांत जगभर गाजली आणि कुटुंबाला न्याय मिळायला २००६ ची तडजोड यावी लागली. कुणाकडून ऐकलं, कुणी शिकवलं, कुणी साथ केली, हे छापताना वगळलं तर तुम्हीही त्याच वाटेवर आहात.

मुद्रणांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. फाइलीसोबत साध्या मजकुराची नोंद: कोण, कुठे, केव्हा, कोणती संमती. एक प्रत गाणाऱ्याला द्या, त्यांच्या फोनवर वाजेल अशा स्वरूपात.

छापण्याआधी मुलाखत दिलेल्यांना त्यांच्याबद्दलचा भाग वाचून दाखवा. त्यांनी दुरुस्ती सांगितली तर मूळ नोंद खोडू नका. दुरुस्ती तारखेसह तिच्या खाली लिहा आणि लेखात दोन्ही ठेवा. त्यांनी एखादं गाणं छापू नका म्हटलं, तर ते काढून टाका.